एक तार, दोन वाटेकरी

१९७९ साल सरत आले असता अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात दोन विद्यापीठांचे संगणक एकमेकांना फोन करू लागले. एक संगणक डरहॅम येथील ड्यूक विद्यापीठाचा, दुसरा तेथून जवळच असलेल्या चॅपल हिल येथील राज्य विद्यापीठाचा. फोन लावणारा कोणी मनुष्य नव्हता. एका यंत्राने क्रमांक फिरवावा, दुसऱ्याने उत्तर द्यावे, मग दोघांनी आपापले निरोप व बातम्या एकमेकांच्या स्वाधीन करून फोन बंद करावा, असा तो व्यवहार होता. त्यातूनच पुढे यूजनेट नावाचे, देशोदेशी पसरलेले चर्चेचे जाळे उभे राहिले.

त्या काळी अमेरिकेत संगणकांचे एक जाळे आधीच नांदत होते. आर्पानेट हे त्याचे नाव. संरक्षण खात्याच्या पैशाने ते १९६९ साली सुरू झाले होते आणि त्या खात्याशी कामाचा संबंध असल्यावाचून एखाद्या संस्थेला तेथे प्रवेश मिळणे कठीण असे. ज्या विद्यापीठांचा असा संबंध नव्हता त्यांनी काय करावे? त्यांच्यापाशी आर्पानेट नव्हते. टेलिफोन मात्र होता. यूजनेटच्या जनकांनी आपल्या योजनेला गरिबांचे आर्पानेट म्हटले ते याच अर्थाने.

टेलिफोन होता हे खरे. परंतु संगणकाने तो आपण होऊन लावणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हती. त्या काळच्या यंत्राला आलेल्या फोनचे स्वागत करणे ठाऊक होते. बाहेर फोन करणे त्याच्या स्वभावातच नव्हते. शिवाय तार एक आणि तिचे वाटेकरी दोन: आत येऊ पाहणारा आणि बाहेर जाऊ पाहणारा. तार कोणाची, हा तंटा तेव्हापासून सुरू झाला आणि वीस वर्षे या ना त्या रूपाने चालत राहिला. संगणकाच्या इतिहासात मोठमोठ्या शोधांचे वर्णन पुष्कळ सापडते; या तंट्याची हकीकत मात्र बहुधा यंत्रचालकांच्या हस्तपुस्तकांतच राहून गेली आहे.

प्रथम ती तार समजून घेतली पाहिजे. युनिक्स ही संगणकाचा सारा कारभार पाहणारी प्रणाली केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत घडविली. संगणकाला जोडलेले प्रत्येक उपकरण ही एक फाईलच आहे असे मानावे, ही तिच्यातील एक मूलभूत कल्पना. छापखान्याला मजकूर धाडणे काय किंवा तारेवरून निरोप धाडणे काय, प्रोग्रॅमच्या दृष्टीने ते एका फाईलीत अक्षरे लिहिणेच होय. माणसे त्या यंत्राशी बोलत ती टेलिटाईपवरून, म्हणजे तारखात्यातील टेलिप्रिंटरसारख्या खडखडणाऱ्या टंकयंत्रावरून. म्हणून त्या तारांच्या फाईलींना टीटीवाय असे नाव पडले. टेलिटाईप केव्हाच भंगारात गेले, नाव मात्र युनिक्सच्या वंशातील सर्व प्रणालींत आजही चालू आहे.

या तारेवरून अक्षरे एकदम जात नाहीत. प्रत्येक अक्षराचे आठ ठोके करावयाचे, पुढे एक आरंभाचा व मागे एक विरामाचा ठोका जोडावयाचा आणि ते मुंग्यांच्या रांगेप्रमाणे एकामागून एक सोडावयाचे. सिरियल पोर्ट म्हणतात तो हाच. सेकंदाला ३०० ठोके जात असतील तर सेकंदाला ३० अक्षरे जातात. तीन हजार अक्षरांचे एक पान पोचविण्यास शंभर सेकंद लागतात. तारेच्या टोकाशी पंचवीस खुंट्यांची जोडणी असे. तिचे मानक आरएस-२३२ या नावाने १९६० साली प्रथम निघाले व १९६९ साली सुधारून पुन्हा निघाले. पंचवीस खुंट्यांपैकी दोन अक्षरांच्या जाण्यायेण्यासाठी, एक जमिनीसाठी; उरलेल्यांपैकी दोहोंचे या हकीकतीत महत्त्व आहे. एकीवरून संगणक मोडेमला कळवितो की मी तयार आहे. दुसरीवरून मोडेम संगणकाला कळवितो की पलीकडच्या मोडेमचा स्वर मला ऐकू येतो आहे. या दुसऱ्या खुणेला कॅरियर म्हणतात. मोडेम म्हणजे संगणकाचे ठोके टेलिफोनवर जाऊ शकतील अशा स्वरांत बदलणारे व पलीकडून आलेल्या स्वरांचे पुन्हा ठोके करणारे उपकरण. बेल कंपनीचा १९६२ सालचा १०३ क्रमांकाचा मोडेम सेकंदाला ३०० ठोके धाडी. फोन करणाऱ्यासाठी स्वरांची एक जोडी आणि उत्तर देणाऱ्यासाठी दुसरी, अशी त्याची रचना होती.

आता युनिक्सची रीत पाहावी. प्रत्येक तारेवर गेटी नावाचा एक छोटा प्रोग्रॅम पहाऱ्यास बसविलेला असे. वाड्याच्या देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखे त्याचे काम. तो तारेची फाईल उघडावयास जाई, पण कॅरियरची खूण येईपर्यंत प्रणाली त्याला तेथेच थांबवून ठेवी. कोणी फोन केला, मोडेमने उत्तर दिले, खूण आली, की दार उघडे आणि पहारेकरी पाहुण्याला नाव व परवलीचा शब्द विचारी. आत येणाऱ्यांसाठी ही व्यवस्था नामी होती. परंतु ज्याला बाहेर जावयाचे आहे त्याने काय करावे? त्यालाही तीच फाईल उघडावी लागे आणि तोही कॅरियरची वाट पाहत थांबे. कॅरियर तर फोन लागल्यावाचून येणार नाही आणि फाईल उघडल्यावाचून फोन लावता येणार नाही! बाहेर जाणाऱ्याने दारावर बाहेरून थाप पडण्याची वाट पाहावी, असा तो प्रकार होता.

या अडचणीच्या आधी आणखी एक अडचण होती आणि ती यंत्राची नव्हे, कायद्याची होती. अमेरिकेत टेलिफोनच्या तारेला कंपनीच्या मालकीचे नसलेले काहीही जोडण्यास बंदी असे. टेक्सासमधील टॉमस कार्टर या गृहस्थाने दोन बाजूंनी बोलता येणारा रेडिओ टेलिफोनशी सांगडणारे कार्टरफोन नावाचे साधन विकावयास काढले, तेव्हा कंपनीने ते अडविले. प्रकरण दळणवळण आयोगापुढे गेले आणि १९६८ साली आयोगाने कार्टर यांच्या बाजूने निकाल दिला. तरीही कंपनीने मध्ये बसवावयाच्या संरक्षक पेटीचा आग्रह आणखी काही वर्षे चालविलाच. यास्तव पुष्कळ ठिकाणी टेलिफोनचा कर्णा रबरी वाट्यांत बसवून केवळ आवाजाच्या द्वारे काम भागविले जाई. तेथे क्रमांक फिरविण्यास माणूसच लागे.

संगणकाने स्वतः क्रमांक फिरवावा यासाठी बेल कंपनीचे एक निराळे उपकरण होते. त्याचा क्रमांक ८०१. ते मोडेमहून वेगळे, त्याला संगणकाशी वेगळी जोडणी हवी, पीडीपी-११ यंत्रात त्यासाठी वेगळा पत्ता घालावा लागे. हे उपकरण एकेक आकडा घेऊन क्रमांक लावी आणि पलीकडून उत्तर आले की तार मोडेमच्या हाती देई. म्हणजे एका फोनसाठी दोन फाईली उघडावयाच्या: एक आकडे सांगण्याची आणि एक बोलण्याची. युनिक्सच्या जुन्या मांडणीत पहिलीला सीयूए आणि दुसरीला सीयूएल म्हणत. यांतील सीयूए हे नाव ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच्या नशिबी पुढे चमत्कारिक भ्रमंती आली.

या साधनांचा उपयोग करून घेणारी आज्ञावली बेल प्रयोगशाळेतील माईक लेस्क यांनी १९७६ च्या सुमारास लिहिली. प्रयोगशाळेतील युनिक्स यंत्रांवर नव्या आज्ञावली पोचविण्यासाठी दर वेळी चुंबकीय फीत घेऊन हिंडावे लागू नये, हा तिचा हेतू होता. तिचे नाव यूयूसीपी. एका युनिक्सवरून दुसऱ्या युनिक्सवर नक्कल, एवढाच त्याचा अर्थ. पुढे डेव्हिड नोविट्झ व ग्रेग चेसन यांनी हात लावून ती सुधारली आणि १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर ती बाहेर पडली. युनिक्स घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला ती आयतीच मिळाली. चेसन यांनी बसविलेल्या पद्धतीत मजकुराचे चौसष्ट अक्षरांपर्यंतचे लहान गठ्ठे करीत, प्रत्येकाला पडताळ्याचा आकडा लावीत आणि पलीकडून पोच आली नाही तर गठ्ठा पुन्हा धाडीत. खरखरणाऱ्या तारेवर हाच उपाय चालण्यासारखा होता.

यंत्रचालकाला मुख्यतः दोन फाईली लिहाव्या लागत. एकीत आपल्यापाशी कोणत्या तारा आहेत, त्यांच्या जोडीला क्रमांक लावणारे उपकरण कोणते आणि वेग किती, याची नोंद. दुसरीत ज्यांना फोन करावयाचा त्यांची यादी: यंत्राचे नाव, फोन करण्याची वेळ, तारेचा प्रकार, वेग, फोनचा क्रमांक आणि शेवटी एक छोटा संवाद. पलीकडून काय ऐकू येईल आणि ते ऐकल्यावर काय बोलावे, याचा तो संवाद. पलीकडचा पहारेकरी लॉगिन हा शब्द विचारणार हे ठरलेले. परंतु त्याचे पहिले अक्षर कोठे मोठ्या लिपीत असे, कोठे लहान, आणि कधी ते खरखरीत गळून जाई. म्हणून जाणते लोक पहिले अक्षर सोडून देत आणि नुसत्या ‘ओजीन’ची वाट पाहावयास सांगत. वेळेच्या रकान्यातही शहाणपण होते. लांब पल्ल्याच्या फोनचे दर रात्री उतरत, म्हणून बहुतेकांचे संगणक माणसे झोपल्यावर बोलत. त्याच यादीत परवलीचे शब्द उघड्या अक्षरांत असत. यास्तव ती फाईल यूयूसीपीवाचून कोणाला वाचता येऊ नये अशी तजवीज करणे हे चालकाचे पहिले कर्तव्य होते आणि ते विसरणारेही होतेच.

हे सर्व झाले तरी मूळ तंटा राहिलाच. तार एकच असून एका वेळी दोन प्रोग्रॅमांनी तिच्यावर फोन लावावयास घेतले तर दोघांचे आकडे एकमेकांत मिसळतील. युनिक्समध्ये एक फाईल अनेकांनी एकदम उघडण्यास मुळातच आडकाठी नाही. मग लेस्क यांच्या मंडळींनी यावर योजलेला उपाय असा. तार वापरावयाची असेल त्या प्रोग्रॅमने आधी एका ठराविक जागी, त्या तारेच्या नावाची, एक लहानशी फाईल निर्माण करावी. ती निर्माण झाली तर तार आपली. ती आधीच तेथे असेल तर तार दुसऱ्याची. मुकाट्याने परत जावे. काम झाले की फाईल पुसून टाकावी. या फाईलीला कुलूप म्हणत. दोघांनी एकाच क्षणी कुलूप घालू नये म्हणून ती आधी निराळ्या नावाने तयार करून मग तिला खरे नाव जोडीत. नाव जोडण्याची क्रिया युनिक्समध्ये अखंड होते, तिच्या मधोमध दुसरा कोणी शिरू शकत नाही.

कुलूप म्हटले तरी ते लोखंडाचे नव्हते. ते पाहणाऱ्यालाच अडवी. ज्या प्रोग्रॅमने कुलपाकडे पाहिलेच नाही त्याला तार खुशाल उघडता येई. आगगाडीच्या डब्यात जागेवर रुमाल टाकून ठेवावा आणि नंतर येणाऱ्यांनी तो मानावा, तशी ही गोष्ट होती. रुमाल कोणाला धरून ठेवीत नाही; त्याला लोकांची मान्यता असते एवढेच. गंमत अशी की सहस्रावधी यंत्रांचे दळणवळण कित्येक वर्षे या रुमालावर चालले.

त्यात खोडी होत्याच. रुमाल टाकणारा प्रोग्रॅम मधेच मेला तर रुमाल तसाच राही आणि तार रिकामी असूनही रात्रभर कोणी तिला हात लावीत नसे. सकाळी चालक येऊन पाही तो एकही पत्र गेलेले नाही. यावर प्रथम काळाची मर्यादा घातली: कुलूप फार जुने झाले की ते मोडीत निघाले असे समजावे. पुढे कुलपाच्या फाईलीत ते घालणाऱ्या प्रोग्रॅमचा चालू क्रमांक लिहिण्याची चाल पडली, म्हणजे तो प्रोग्रॅम जिवंत आहे की नाही हे दुसऱ्याला पाहता येई. परंतु कोणी तो क्रमांक वाचता येईल अशा आकड्यांत लिही, तर कोणी यंत्राच्या सांकेतिक रूपात. एकाचे लिखाण दुसऱ्याला वाचता न आल्याने तो चालू कुलूप मोडके समजून फेकून देई. कुलूप ठेवण्याची जागाही प्रत्येक प्रणालीत निराळी. शिष्टाचार एक असला तरी त्याचे पाठ अनेक झाले.

आता नॉर्थ कॅरोलायनाकडे वळावयास हरकत नाही. ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांच्या मनात यूजनेटची कल्पना आली आणि चॅपल हिलचे स्टीव्ह बेलोविन यांनी तिचा पहिला नमुना लिहून काढला. जानेवारी १९८० मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे युनिक्स वापरणाऱ्यांच्या परिषदेत एलिस यांनी सर्वांना आमंत्रण दिले. ८०१ सारखे महागडे उपकरण सर्वांना परवडणारे नव्हते. ज्यांच्यापाशी आपण होऊन फोन लावण्याची सोय नाही त्यांना ड्यूकचे यंत्र फोन करील आणि फोनचा खर्च त्यांच्याकडून घेईल, अशी व्यवस्था त्या आमंत्रणात होती. बाहेर फोन लावणारी एक तार ज्याच्यापाशी आहे तो भोवतालच्या पुष्कळांचा पोस्टमन होतो, हे तेथे प्रथम दिसून आले.

पुढील काही वर्षांत असे मोठे पोस्टमन तयार झाले. डिजिटल कंपनीचे डेकव्हॅक्स हे त्यांपैकी एक. बेल प्रयोगशाळेचे आयएचएनपी-४ हे दुसरे. या दुसऱ्या नावातील पहिली दोन अक्षरे इंडियन हिल या ठिकाणची आहेत. भारताशी त्याचा काही संबंध नाही, ते इलिनॉय राज्यात आहे. त्या काळी पत्रावर केवळ मुक्कामाचे नाव लिहून भागत नसे. वाटेतील प्रत्येक यंत्राचे नाव क्रमाने लिहून मध्ये उद्गारचिन्ह घालावे लागे. अमक्याकडून तमक्याकडे, तेथून पुढे, अशी ती साखळी. एकेक टप्पा म्हणजे एकेक फोन, आणि फोन रात्री. तेव्हा पत्राला दोन-तीन दिवस लागले तरी कोणी तक्रार करीत नसे. या टपालाच्या फोनांची भली मोठी बिले मोठ्या कंपन्यांनी पुष्कळ काळ निमूटपणे भरली. गरिबांच्या जाळ्याचा खर्च असा बराचसा श्रीमंतांच्या खात्यावर पडला, हे नमूद केलेच पाहिजे. १९८७ साली रिक ॲडम्स यांनी युयूनेट ही संस्था काढली तेव्हापासून या सेवेला रीतसर वर्गणी द्यावयाची सोय झाली.

दरम्यान १९८१ साली डेनिस हेज यांच्या कंपनीने स्मार्टमोडेम बाजारात आणला. आकडे सांगण्यासाठी वेगळे उपकरण नको आणि वेगळी फाईलही नको. ज्या तारेवरून बोलावयाचे तिच्यावरूनच हुकूम द्यावयाचा. हुकुमाच्या आरंभी ‘एटी’ ही दोन अक्षरे, त्यांच्या पुढे क्रमांक लावावयाचा असल्यास ‘डी’, मग टोनसाठी ‘टी’ किंवा ठोक्यांसाठी ‘पी’, आणि शेवटी क्रमांक. बोलणे चालू असता पुन्हा हुकूम द्यावयाचा असेल तर क्षणभर थांबून तीन अधिकचिन्हे लिहावी आणि पुन्हा थांबावे. ही योजना इतकी सोपी होती की बहुतेक सर्व मोडेम पुढे तीच बोली बोलू लागले.

मात्र घरगुती लहान संगणकांसाठी घडविलेले हे यंत्र युनिक्सच्या देवडीवर आले तेव्हा तेथे एक प्रहसन घडू लागले. काही मोडेमच्या आतील लहान कळा अशा लावलेल्या येत की कॅरियरची खूण कायमची चालू राही. फोन असो वा नसो. पहारेकऱ्याला वाटे की पाहुणा आला. तो नाव विचारी. मोडेमला मिळालेले प्रत्येक अक्षर परत उच्चारण्याची सवय. तो पहारेकऱ्याचेच शब्द त्याला ऐकवी. पहारेकरी ते पाहुण्याचे नाव समजून परवलीचा शब्द विचारी, मोडेम तेही परत म्हणे. दोघे असे रात्रभर एकमेकांशी बडबडत आणि संगणकाचा वेळ त्यात खर्ची पडे. यासाठी चालकांनी मोडेम हाती येताच करावयाची कामे ठरून गेली: कळा बदलून कॅरियरची खूण खरी करावयाची, अक्षरे परत उच्चारणे बंद करावयाचे, संगणकाने तयारीची खूण काढून घेताच फोन तुटेल असे पाहावयाचे. हे शेवटचे विसरले तर फोन लटकत राही आणि बिल वाढत जाई.

१९८३ साली पीटर हनीमन, डेव्हिड नोविट्झ व ब्रायन रेडमन यांनी यूयूसीपी नव्याने लिहिली. तिघांच्या नावांचे तुकडे जोडून तिला हनी-डॅनबर म्हणत. तीत दोन सुधारणा लक्षात ठेवण्याजोग्या. जुन्या आज्ञावलीत नव्या जातीचा मोडेम घेतला की मूळ संहितेतच भर घालून ती पुन्हा बांधावी लागे; आता मोडेमची बोली साध्या मजकुराच्या एका वेगळ्या फाईलीत लिहिली की झाले. दुसरी सुधारणा देवडीवरची. तेथे नवा पहारेकरी नेमला. तो पाहुण्याकडून एखादे अक्षर येईपर्यंत तोंड उघडीत नसे, आणि कुलूप दिसले की घरचाच माणूस बाहेर फोन लावीत आहे असे ओळखून ते निघेपर्यंत स्वस्थ बसे. एका तारेवर येणारा व जाणारा दोघेही नांदू लागले ते अशा रीतीने.

सन कंपनीच्या प्रणालीत हेच दुसऱ्या वाटेने साधले. तेथे एकाच तारेला दोन नावे दिली. टीटीवाय या नावाने उघडणारा कॅरियरची वाट पाहत थांबे. सीयूए या नावाने उघडणाऱ्याला न थांबता तार मिळे. म्हणजे जे नाव पूर्वी आकडे फिरविणाऱ्या वेगळ्या उपकरणाचे होते ते आता त्याच तारेच्या मागील दाराचे झाले. पहारेकरी पुढील दाराशी बसलेलाच राही. कोणी मागून बाहेर गेले तर त्याला पत्ताही नसे, आणि पाहुणा आधीच आत आलेला असेल तर मागील दार उघडत नसे. निवाडा येथे रुमालावर सोपविलेला नव्हता. प्रणालीचा गाभाच तो करी. हा तोडगा अधिक भक्कम होता यात संशय नाही.

बाहेर जाणारी तार ही उघडी राहिलेली खिडकीही होऊ शकते, याचा धडा १९८६ साली मिळाला. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल हे संगणकाच्या वापराच्या हिशेबातील ७५ सेंटांची तूट शोधीत होते. त्या तुटीचा माग काढता काढता त्यांना एक परका घुसखोर सापडला. तो जर्मनीत बसून अमेरिकेतील लष्करी संगणकांत डोकावत होता. त्याच्या मार्गातील एक मुक्काम मायटर या संस्थेचा निघाला. तेथील संगणकांना बाहेर फोन लावणारे मोडेम जोडलेले होते, आणि आत शिरलेला परका त्यांवरून देशभर हवे तेथे फोन करीत होता. ते फोन पडत होते अर्थातच त्या संस्थेच्या बिलावर. फोन लावण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न त्यानंतर चालकांनी अधिक गांभीर्याने घेतला.

भारतात या पद्धतीचा प्रवेश मुंबईतून झाला. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट हे शिक्षण व संशोधन संस्थांचे जाळे उभारावयास घेतले. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था आणि जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र यांचा समावेश होता. या केंद्राचे श्रीनिवासन रमणी हे त्या कामातील एक प्रमुख. आरंभीची पत्रे जुहूचे केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्या दरम्यान साध्या टेलिफोनवरून गेली. दोन्ही ठिकाणे मुंबईतच. पत्र माणसाच्या हाती दिले असते तरी दुपारपर्यंत पोचले असते. पण प्रश्न अंतराचा नव्हता, रीत बसविण्याचा होता. जुन्या यांत्रिक टेलिफोन एक्स्चेंजांना टोनची भाषा समजत नसे. तेथे हुकुमातील ‘टी’च्या जागी ‘पी’ लिहून आकड्यागणिक ठोके देत क्रमांक फिरवावा लागे. १९८९ च्या सुमारास जुहूच्या केंद्रातून अमेरिकेतील युयूनेटशी संबंध जुळला आणि भारतीय प्राध्यापकांचे पत्र जगाच्या टपालात पडू लागले.

सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाच्या मार्फत. त्यातील स्वस्त खाते केवळ अक्षरांचे होते: घरच्या मोडेमने निगमाच्या युनिक्स यंत्राला फोन लावावयाचा, आणि पलीकडे तोच जुना पहारेकरी नाव व परवलीचा शब्द विचारावयास बसलेला. मोडेमची ती किंचाळी ज्यांनी ऐकली त्यांना ती विसरता येणे कठीण आहे.

या इतिहासातील एक लहानसा अपघात सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने घरच्या संगणकावरून विद्यापीठाच्या युनिक्स यंत्राला फोन करून यूजनेट वाचता यावे म्हणून एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो वाढत वाढत लिनक्स ही प्रणाली झाली. एके दिवशी फोन लावण्याचा हुकूम मोडेमच्या फाईलीत लिहावयाचा तो त्याच्या हातून हार्ड डिस्कच्या फाईलीत लिहिला गेला. प्रत्येक उपकरण ही फाईलच, या तत्त्वानुसार यंत्राने तक्रार न करता डिस्कवर मोडेमचे हुकूम कोरले, आणि त्याची जुनी मिनिक्स प्रणाली नाहीशी झाली. ती पुन्हा बसविण्याऐवजी त्याने आपलीच प्रणाली पुरी करावयास घेतली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात टोरवाल्ड्स यांनी हे स्वतःच सांगितले आहे.

त्याच लिनक्सवर जुना तंटा पुन्हा उपटला. तेथेही सनच्या धर्तीवर एका तारेला दोन नावे दिली होती. परंतु लिनक्सवर रुमालाची जुनी चालही चालू होती आणि रुमाल तारेच्या नावाने टाकावयाचा असे. एकाने मागील दाराचे नाव घेऊन कुलूप घातले, दुसऱ्याने पुढील दाराचे. दोघांनी शिष्टाचार तंतोतंत पाळला आणि तरीही दोघे एकाच तारेवर येऊन आदळले. पुष्कळांनी सोयीसाठी त्या तारेला नुसते मोडेम असे तिसरे नाव ठेवल्याने घोटाळा आणखी वाढला. दोन्ही तोडगे आपापल्या जागी बरोबर होते. एकत्र येताच ते एकमेकांचे शत्रू ठरले. अखेर १९९९ सालच्या २.२ या आवृत्तीत सीयूए हे नाव वापरू नये असा इशारा यंत्रच देऊ लागले, आणि पुढे ते काढून टाकण्यात आले. एक तार, एक नाव, एक कुलूप असा निर्णय झाला. कॅरियरची वाट न पाहता तार उघडावयाची असेल तर प्रोग्रॅमने तसे स्पष्ट सांगावे.

फ्रीबीएसडी व ॲपलच्या मॅक प्रणालींनी हा निर्णय मानला नाही. तेथे आजही प्रत्येक सिरियल पोर्टला दोन नावे आहेत, एक येणाऱ्यासाठी व एक जाणाऱ्यासाठी.

टेलिफोनवरून बोलणारे मोडेम आता क्वचितच दिसतात आणि रात्रीच्या दरांची वाट पाहणारी यूयूसीपी इतिहासजमा झाल्यासारखीच आहे. पण डेबियन लिनक्सवर सिरियल पोर्टला हात लावण्याचा अधिकार ज्या गटाला असतो त्याचे नाव अद्याप डायलआऊट असेच आहे. अर्दुइनोसारखे एखादे छोटे यंत्रपत्रक यूएसबीच्या तारेने जोडून त्याच्यावरचा दिवा लुकलुकता करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ‘परवानगी नाही’ असे उत्तर मिळते. मग कोणी जाणता त्याला सांगतो की आधी आपले नाव डायलआऊट गटात घालून घे. फोनचा तेथे काही संबंध नसतो.